श्वासाचा हिशेब मांडणारे स्वामी कुवलयानंद

लकडगंजची सकाळ आरा मशीनच्या आवाजाने होते. ट्रकमधून सागाचे ओंडके उतरतात, पट्टा फिरू लागतो आणि उन्हाच्या तिरिपेत भुशाची बारीक धूळ तरंगताना दिसते. रोज्याच्या दिवसांत टालीवरचे काही कारागीर सहरी करून कामावर येतात. मगरिबच्या अजानपर्यंत त्यांच्या घशाखाली पाण्याचा थेंबही जात नाही. शेजारच्या मशीनवर ओंडका धरणारा त्यांचा सोबती एकादशीचा उपवास करणारा असतो. भूक आणि तहान माणूस काही तास अडवून धरू शकतो. श्वासाला अशी सूट नाही. रोजा असो की उपवास, छाती मिनिटाला १२ ते १६ वेळा वरखाली होतच राहते. दिवसाकाठी हा आकडा २० हजारांच्या आसपास जातो. एवढे मोठे काम शरीर गाजावाजा न करता करते, म्हणून त्याचा हिशेब कुणी मागत नाही.

महाराष्ट्रात एका माणसाने हा हिशेब मागितला. त्याने श्वास रोखून पाहिला, पोट आत ओढून पाहिले, आणि मग श्रद्धेवर न थांबता नळ्या, पाऱ्याच्या पट्ट्या आणि क्ष-किरणांची यंत्रे लावून तपासले. हा माणूस म्हणजे लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद.

त्यांचे घरचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोदा संस्थानातल्या डभोईचा. घर मराठी आणि बेताच्या परिस्थितीचे. शिक्षणासाठी जगन्नाथला दुसऱ्यांच्या आधारावर राहावे लागले, पण संस्कृतावर त्याची पकड लवकरच बसली. १९०३ मध्ये मॅट्रिक होताना त्याने संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्याच्या कॉलेजात त्या काळी अरविंद घोष यांच्या विचारांचे वारे होते, आणि महाराष्ट्रात टिळकांचे. या दोन्हींचा परिणाम या तरुणावर झाला. लग्न न करता देशकार्याला वाहून घ्यायचे, असे त्याने ठरवले.

बडोद्यात त्याला पहिला मोठा गुरू आखाड्यात मिळाला. उस्ताद जुम्मादादांच्या नावाची व्यायामशाळा शहरात नावाजलेली होती. उस्तादांचे शागीर्द प्रोफेसर माणिकराव यांनी ही गादी पुढे चालवली. १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गुणे माणिकरावांकडे व्यायाम शिकले. आखाड्याची परंपरा अशी की, हुनर कुणाच्या घरातून आले हे विचारायचे नसते, ते पुढे कुणाला दिले हे विचारायचे असते. जुम्मादादांकडून माणिकरावांकडे आणि माणिकरावांकडून गुण्यांकडे आलेली शरीराची ही विद्या पुढे राज्याच्या शाळांतल्या व्यायामाच्या तासापर्यंत पोहोचली.

पदवी घेतल्यानंतर गुणे खानदेशात अमळनेरला शिक्षणाच्या कामात उतरले. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. सरकारी मदतीपेक्षा देशप्रेमाच्या बळावर उभे असलेले हे कॉलेज १९२३ मध्ये बंद पडले. चाळिशीतला, घरदार नसलेला हा माणूस पुन्हा मोकळा झाला. मात्र तोपर्यंत त्याच्या हाती दुसरे काम आले होते.

१९१९ मध्ये नर्मदेच्या काठी मालसर येथे त्यांची भेट परमहंस माधवदास या वयोवृद्ध योग्याशी झाली. माधवदासांनी त्यांना आसने, बंध, नौली आणि प्राणायाम शिकवले. गुण्यांना त्यांच्या अनुभवाबद्दल शंका नव्हती. शंका होती ती त्यामागे सांगितल्या जाणाऱ्या कारणांबद्दल. पोट आत गेले की नेमके काय होते? श्वास रोखला की रक्तात काय बदलते? जुन्या ग्रंथांत वायू, नाडी आणि चक्रांची भाषा होती. इंग्रजी शिकलेले डॉक्टर त्या भाषेवर हसत, आणि योगी डॉक्टरांच्या यंत्रांवर. दोन्ही बाजूंना दुसऱ्याचे म्हणणे तपासून पाहण्याची गरज वाटत नव्हती. गुण्यांना ती वाटली.

१९२०-२१ च्या सुमारास त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन बडोद्याच्या इस्पितळात प्रयोग सुरू केले. पहिला विषय उड्डियान आणि नौली. उड्डियानात आधी श्वास पूर्ण सोडतात, नाक-तोंडाने हवा आत येऊ देत नाहीत आणि फासळ्या मात्र श्वास घेतल्यासारख्या वर उचलतात. पोट पाठीला टेकल्यासारखे खोल जाते. पाहणाऱ्याला हा चमत्कार वाटतो.

तो समजून घ्यायचा तर श्वासाचे साधे यंत्र आधी पाहावे लागते. फुप्फुसाला स्वतःचे स्नायू नाहीत. ते स्वतःहून फुगत नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायूचा पडदा आहे, त्याला श्वासपटल म्हणतात. हा पडदा आकसून खाली सरकतो आणि फासळ्या वर-बाहेर जातात, तेव्हा छातीची पोकळी मोठी होते. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आपोआप आत येते. पडदा सैल पडला की फुप्फुस स्वतःच्या लवचिकपणाने आकसते आणि हवा बाहेर जाते. लोहाराचा भाता असाच चालतो. भाता उघडला की हवा आत येते, ती कुणी ढकलावी लागत नाही.

उड्डियानात भाता उघडतो पण दार बंद असते. हवा येऊ शकत नाही, म्हणून छातीतला दाब खूप घटतो आणि सैल पडलेले श्वासपटल वर ओढले जाते. त्याच्या पाठोपाठ पोटाची भिंत आत जाते. क्ष-किरणांच्या चित्रात पडद्याचे हे वर जाणे दिसले. नौली करताना आतड्यात पाणी वर कसे चढते, हा त्यापुढचा प्रश्न. गुण्यांनी रबरी नळीने आतड्यातला दाब पाऱ्याच्या दाबमापकावर मोजला. दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी निघाला. म्हणजे पाणी कुण्या गूढ शक्तीने चढत नव्हते. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला की जसे पाणी चढते, तसेच ते चढत होते. या कमी दाबाला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले, माधवदास व्हॅक्यूम. गुरूची विद्या त्यांनी यंत्राखाली ठेवली आणि यंत्राच्या आकड्याला गुरूचे नाव दिले. असा मान त्यांच्या गुरूला आणखी कुणी दिला नसेल.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले. त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. त्यात शास्त्रीय प्रयोगही असावेत आणि साधकांसाठी मजकूरही, असा त्यांचा बेत होता. गुणे आता स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. योग्याच्या आश्रमात काचेच्या नळ्या, तराजू आणि वायू मोजण्याची साधने पाहून येणारे चकित होत.

योगायोग असा की, श्वासाच्या इतिहासातले एक जुने पान याच १९२४ मध्ये पुन्हा उघडले गेले. तेराव्या शतकात दमास्कसजवळ जन्मलेले आणि कैरोत नावारूपाला आलेले हकीम इब्न अल-नफीस यांनी १२४२ मध्ये इब्न सीनाच्या शरीररचनेवर भाष्य लिहिले होते. त्याआधी हजार वर्षे ग्रीक वैद्य गॅलेनचे मत चालत होते की, हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या पडद्यातल्या बारीक छिद्रांतून डाव्या कप्प्यात जाते. इब्न अल-नफीस यांनी स्पष्ट नाकारले. तो पडदा जाड आहे, त्यात छिद्रे नाहीत. रक्त उजव्या कप्प्यातून फुप्फुसात जाते, तिथे हवेशी मिसळते आणि मग डाव्या बाजूला परतते, असे त्यांनी लिहिले. हे भाष्य विस्मरणात गेले होते. १९२४ मध्ये मुहीउद्दीन अल-ततावी या इजिप्शियन डॉक्टरने बर्लिनच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितावरून आपला प्रबंध जर्मनीत सादर केला आणि जगाला या हकिमांची ओळख नव्याने झाली. १२८८ मध्ये जाण्यापूर्वी इब्न अल-नफीस यांनी आपले घर आणि ग्रंथसंग्रह कैरोच्या मन्सूरी इस्पितळाला दिला होता. कैरोचा हकीम आणि लोणावळ्याचा स्वामी यांना जोडणारी गोष्ट एकच, आपल्याच परंपरेतल्या मोठ्या माणसाचे म्हणणेही तपासून पाहण्याचे धाडस.

फुप्फुसात किती हवा मावते, हे मोजण्याचे काम मात्र इंग्लंडमध्ये झाले. डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये स्पायरोमीटर या यंत्रावरचा आपला मोठा लेख प्रसिद्ध केला. पाण्यात उपडे ठेवलेले एक पिंप आणि त्याला जोडलेली नळी, एवढाच त्याचा गाभा. माणसाने छातीभर श्वास घ्यायचा आणि नळीत संपूर्ण सोडायचा. आलेल्या हवेने पिंप वर उचलले जाते आणि शेजारच्या पट्टीवर आकडा मिळतो. हचिन्सन यांनी दोन हजारांहून अधिक माणसे अशी फुंकायला लावली. त्यांना दिसले की हा आकडा उंचीबरोबर वाढतो, वजनाबरोबर नाही. फ्रीमन नावाच्या धिप्पाड मुष्टियोद्ध्याची फुंकर पुढच्या तपासणीत कमी भरली आणि नंतर तो क्षयाने गेला. म्हणजे रोग बाहेर दिसण्याआधी फुंकर तो सांगू शकते. या आकड्याला हचिन्सन यांनी व्हायटल कपॅसिटी हे नाव दिले.

आकडे समजायला कठीण नाहीत. शांत बसलेला माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिलिलीटर हवा घेतो. जोर लावला तर आणखी सुमारे ३ लीटर आत घेऊ शकतो आणि नेहमीचा श्वास सोडल्यावरही सव्वा लीटरच्या आसपास हवा जास्तीची बाहेर काढू शकतो. हे सगळे मिळून प्रौढ पुरुषात साडेचार लीटरच्या जवळ जाते, स्त्रियांमध्ये थोडे कमी. इतके सोडल्यावरही फुप्फुसात साधारण एक ते सव्वा लीटर हवा उरतेच. ती नळीत फुंकून मोजता येत नाही, त्यासाठी हेलियमसारखा वायू मिसळून हिशेब करावा लागतो. ही हवा उरते म्हणूनच दोन श्वासांच्या मधल्या वेळात रक्ताला प्राणवायू मिळत राहतो.

आणखी एक बाब आहे. प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिलिलीटर हवा नाक, घसा आणि श्वासनळ्यांतच अडकून परत जाते, ती कामाला येत नाही. मिनिटाला १४ वेळा ५०० मिलिलीटरचा श्वास घेणाऱ्याच्या फुप्फुसात ४.९ लीटर कामाची हवा पोहोचते. तेवढीच एकूण हवा कुणी २८ वेळा अडीचशेच्या उथळ श्वासांनी घेतली, तर कामाची फक्त २.८ लीटर. घाबरलेला किंवा दमेकरी माणूस भराभर श्वास घेऊनही का गुदमरतो, त्याचे उत्तर या हिशेबात बरेचसे आहे. संथ आणि खोल श्वासाचा फायदाही इथेच दिसतो.

यावरून कुणालाही वाटेल की प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा साठा वाढतो. त्या काळी देशभर हेच सांगितले जात होते, आजही सांगितले जाते. कुवलयानंदांनी यालाच हात घातला. प्राणायाम करणाऱ्याच्या बाहेर पडणाऱ्या हवेतला वायू त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजला. त्यांचा निष्कर्ष भक्तांना आवडणारा नव्हता. प्राणायामात श्वासांची संख्याच इतकी घटते की प्राणवायूचे मोठे भांडार मिळते असे म्हणता येत नाही. प्राणायामाचा खरा लाभ दाबाच्या बदलांत आणि मज्जासंस्थेला लागणाऱ्या शिस्तीत शोधावा, असे त्यांनी आपल्या प्राणायामावरील पुस्तकात मांडले.

आजचे शरीरशास्त्र या बाबतीत त्यांच्या बाजूला आहे. निरोगी माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच जवळपास ९७-९८ टक्के प्राणवायूने भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले तर ते सांडते, वाढत नाही. उलट श्वास घेण्याची आच मेंदूला मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे लागते. श्वास रोखण्याचा सराव करणारा माणूस ही आच शांतपणे सोसायला शिकतो. रोज्याच्या दिवसांत भुकेबाबत माणूस काहीसे असेच शिकतो, हे ज्याने रोजा धरला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्याच विद्येबद्दलचा लाडका दावा खोडून काढणे सोपे नसते. आश्रम देणग्यांवर चालत होता. लोक चमत्कार ऐकायला येत होते. प्राणवायूची गोष्ट सांगितली असती तर टाळ्या जास्त पडल्या असत्या. कुवलयानंदांनी आकडा छापला. कदाचित म्हणूनच चिकित्सक माणसे त्यांच्याकडे वळली. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला आणि दोघांत पत्रव्यवहार झाला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहानन लोणावळ्यात राहून योग शिकले आणि परत जाऊन त्यांनी स्वतःवर मोजमापे केली. त्यांना काही प्राणायामांत प्राणवायूचा वापर वाढलेला आढळला, १९३७ च्या पुस्तकात त्यांनी तो मांडला. लोणावळ्याच्या आणि येलच्या आकड्यांचे सूर पुरते जुळले नाहीत. शास्त्रात असे होते, आणि मग पुढची मोजणी करावी लागते.

१९५० च्या दशकात वेंगर आणि बागची हे संशोधक अमेरिकेहून भारतात येऊन योग्यांची तपासणी करून गेले. हृदय थांबवण्याचा दावा त्यांनी हृदयाच्या विद्युत आलेखावर तपासला. नाडी हाताला लागेनाशी झाली, पण हृदय चालूच होते. श्वास कोंडून छातीतला दाब वाढवला की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि नाडी क्षीण होते, एवढाच त्याचा उलगडा. चमत्कार कमी झाला, समज वाढली. हीच वाट कुवलयानंदांनी तीन दशकांपूर्वी घालून दिली होती.

या काळात स्वामींचे काम प्रयोगशाळेबाहेरही वाढले. मुंबईत चौपाटीजवळ आरोग्य केंद्र सुरू झाले. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या आखणीत त्यांनी भाग घेतला आणि शाळांसाठी आसनांचे पाठ तयार केले. १९५१ मध्ये लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय निघाले, पुढे योगोपचाराचे रुग्णालयही. १८ एप्रिल १९६६ रोजी, ८२ व्या वर्षी, त्यांनी शेवटचा श्वास घेतला. त्यांच्यानंतरही सहकाऱ्यांनी मोजणी सोडली नाही. भूसमाधीचा दावा तपासण्यासाठी त्यांनी हवाबंद खड्ड्यात माणसे बसवून आतली हवा मोजली आणि १९६८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

नागपूरला योग नवा नाही. जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळामुळे इथल्या घराघरात आसने पोहोचली आहेत. पण कुवलयानंदांच्या वारशाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे मोजणी, तेवढा पोहोचलेला नाही. लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर दमा होऊ शकतो, श्वासनळ्या आक्रसतात, आणि नाकाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, हे वैद्यकाने मान्य केले आहे. हा त्रास एका दिवसात होत नाही. जिना चढताना धाप लागू लागते, ती वयाच्या खात्यावर टाकली जाते आणि दिवस निघून जातात.

स्पायरोमीटर आता पिंपाएवढे राहिले नाही, टेबलावर मावते. रुग्ण नाकाला चिमटा लावून छातीभर श्वास घेतो आणि जोराने फुंकतो. डॉक्टर दोन आकडे पाहतात, एकूण किती हवा निघाली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती. पहिल्या सेकंदाचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली गेला, तर श्वासनळ्यांत अडथळा आहे असे धरतात. एकूण हवाच कमी असेल, तर फुप्फुस ताठ झाल्याची शंका घेतात. वय, उंची आणि स्त्री-पुरुष भेद पाहून हे आकडे तपासले जातात. तपासणीला काही मिनिटे लागतात आणि सुईची गरज नसते.

लकडगंजच्या टालीवर तोंडावर फडके बांधून उभा असलेला कारागीर प्राणायाम करील की नाही, हा त्याचा प्रश्न. पण धूळ ओढून घेणारा पंखा, नीट बसणारा मास्क आणि वर्षातून एकदा फुंकून पाहिलेला आकडा, यांवर त्याचा हक्क आहे. संध्याकाळी अजान होते, खजूर तोंडात जातो, आणि दिवसभर थांबलेली तहान भागते. श्वास मात्र मधल्या सगळ्या वेळात चालू होता, त्याच भुशाच्या धुळीतून. त्याच्यासाठी इफ्तारची वेळ नसते. त्याची दखल दिवसाउजेडीच घ्यावी लागते, हे लोणावळ्याच्या त्या स्वामींना शंभर वर्षांपूर्वी कळले होते.